भित्र्यांच्या दारावरच्या रेघा

३ सप्टेंबर, मंगळवार

मूर्खपणाला वय नसतं, पण पद मिळालं की त्याला तेज चढतं. डॅरेल युरिकला यंदा भूतबंगल्याचा प्रमुख केलं आहे.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. सभेहून घरी आले, कोबी चिरला, जेवले, भांडी घासली, आणि मगच वही उघडली. मत तेच आहे.

एकवीस वर्षं आमच्या गावचं बिनपगारी अग्निशमन दल हॅलोविनच्या महिन्यात बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यात भूतबंगला भरवतं. बंबाची दुरुस्ती त्यातून निघते. ज्या मजल्यावर मी अठरा वर्षं शिलाईच्या बायांवर देखरेख केली, त्याच मजल्यावर आता लोकांना घाबरवते. दलातला वेंडेल म्हणतो, "फिल, तुझ्या कामात फरक काय पडला?" वेंडेल ऐंशीला आला आहे आणि एका कानाने बहिरा आहे, म्हणून त्याला माफ करते.

डॅरेलची योजना अशी: सात खोल्यांपैकी सहांमध्ये रक्त. खाटकाचं दुकान, शस्त्रक्रियेची खोली, साखळीची करवत (साखळी काढून, नुसता आवाज), आतडी, मुंडकी. नमुना म्हणून त्याने एक तुटलेला रबरी हात सभेत फिरवला. सगळे खिदळले. हात माझ्यापर्यंत आला. मी तो उलटा केला आणि विचारलं, "टाके कुणी घातले? मनगटाशी शिवण उसवली आहे."

मग कुणीतरी विचारलं, "आणि मिस फिलची बैठकीची खोली?"

डॅरेल टेबलाकडे बघत म्हणाला, "मिस टिली नाहीत. मला वाटतं, यंदा ती खोली बंदच ठेवू या."

"टिली नाही," मी म्हणाले, "पण मी आहे ना? का मलाही पुरून आलास?"

कुणी हसलं नाही. बरंच झालं.

६ सप्टेंबर

खोलीसाठी पैज लावून आले.

भूतबंगल्याच्या मधल्या बोळात एक बाजूचं दार आहे. ज्याला पुढे जायचा धीर होत नाही त्याने तिथून बाहेर पडायचं. गाव त्याला भित्र्यांचं दार म्हणतं. दाराशी वेंडेल खुर्ची टाकून बसतो आणि पळणारा ज्या खोलीतून आला तिच्या नावाखाली भिंतीवर खडूने रेघ ओढतो. डॅरेलचं खाटकाचं दुकान आणि माझी खोली, दोन्हींची दारं त्याच बोळात उघडतात. मी दलाच्या प्रमुखांना सांगितलं, हॅलोविनच्या रात्रीपर्यंत रेघा मोजा. माझ्या कमी भरल्या तर खोली मोडा, जागा खाटकाला द्या, मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. जास्त भरल्या तर माझ्या हयातीत त्या खोलीचं नाव काढायचं नाही. डॅरेलला हो म्हणावं लागलं.

नियमही मीच घातला: दलातल्या माणसाची रेघ धरायची नाही. नाहीतर तो आपले आठ दोस्त किंचाळत माझ्याविरुद्ध पळवेल.

टिली माझी थोरली बहीण. लग्न दोघींनीही केलं नाही. चांगलं पाहून नाकारणारी ती आणि वाईट पाहून नाकारणारी मी. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत, झोपेत. मी लगेच फोन केला. डॅरेल रुग्णवाहिकेवर नोकरीला आहे, म्हणून तोच आला. त्याने कागद भरला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि माझ्या घरच्या बैठकीच्या खोलीत इकडेतिकडे बघत राहिला. तेव्हापासूनच तो माझ्या मनातून उतरला. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कपांत डोकावू नये.

९ सप्टेंबर

रक्ताने माणूस घाबरत नाही. दचकतो, ओकतो, हसतो. हे डॅरेलला समजावणं म्हणजे बंबाला कॅटेकिझम, म्हणजे चर्चची प्रश्नोत्तरं, शिकवणं.

मला भीती सिस्टर बेनिग्नाने शिकवली. कॉन्व्हेंटमध्ये बाकीच्या सिस्टर पट्टीने मारायच्या. सिस्टर बेनिग्नाने आठ वर्षांत कुणाला बोटही लावलं नाही. कुणी चुकलं की ती वाचता वाचता थांबायची आणि टेबलाचा खण चार बोटं उघडायची. बस्स. आत काय आहे ते आम्हांला कधी दिसलं नाही. चाळीस मुलींच्या वर्गात श्वासाचा आवाज यायचा नाही. ती वारली तेव्हा खण उघडला, त्यात खोकल्याच्या गोळ्या निघाल्या.

आमची खोली त्या खणासारखी होती. जुना कागद चिकटवलेल्या भिंती, एक मिणमिणता दिवा, खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या. एका खुर्चीत टिली, लोकांकडे पाठ. दुसरीत मी, तिच्याशी बोलणारी. बाजारभाव, कुणाचं कंबरडं मोडलं, चर्चमध्ये कोण आलं नाही. टिली उत्तर द्यायची नाही. लोकांना भिंत आणि तिची खुर्ची यांच्या मधून पलीकडच्या दाराकडे जावं लागायचं. सगळे आता ही उठणार, आता अंगावर येणार म्हणून आकसलेले. ती उठायचीच नाही. शेवटचा माणूस बाजूने जाताना तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून नुसता घरंगळायचा. एवढंच. मोठमोठे खाणकामगार भिंतीला चिकटलेले मी पाहिले आहेत.

अशी निश्चल बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. घरीही सराव करायची, मला पिडायला. मी तासभर बोलत राहायची आणि ही दगडासारखी. मग एकदम हात सोडायची आणि खो खो हसायची.

१४ सप्टेंबर, शनिवार

बाहुलं तयार झालं. कारखान्यातल्या चिंध्या भरल्या, मांड्यांत वाळूच्या पिशव्या. टिलीचा राखी स्वेटर घातला, त्याला नाहीतरी कपाटात कसर खात होती. मान बसवायला दुपार गेली. डावीकडे कलायला हवी. हनुवटी छातीला टेकत नाही, एक बोट अंतर राहतं.

वेंडेल दिवा टांगत होता. म्हणाला, "उजवीकडे कर की. उजेडात येईल."

"उजवीकडे नसते."

"नसते म्हणजे?"

"चुकीचं दिसतं."

तेवढ्यात डॅरेल एक बादली घेऊन आला. बाहुल्याकडे बघितलं आणि बादली खाली ठेवली. मग खुर्च्यांजवळ मी मांडलेल्या दोन्ही कपांकडे बघितलं: माझा रिकामा, तिचा काठोकाठ भरलेला.

"मिस फिल, हे नका करू."

"का रे? रक्त कमी पडलं?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"तू काय म्हणतोस ते तुलाच कळलेलं नसतं. बादली उचल, डाग पडेल."

तो गेला. त्याला धडकी भरली आहे. भरू दे.

२७ सप्टेंबर

डॅरेलचं रक्त म्हणजे मक्याचा पाक, लाल रंग आणि थोडा कोको. कटिंगच्या टेबलावर, ज्यावर आम्ही नववधूंचे झगे बेतले, त्यावर तो हे मिश्रण ढवळत होता. मी म्हणाले, "रोज खरं बघतोस, तरी हौस फिटत नाही?"

तो ढवळतच राहिला. "हे संध्याकाळी नळाखाली धरलं की जातं, मिस फिल."

"मग त्यात भीती काय राहिली?"

"काहीच नाही. लोक ओरडतात, हसतात, बाहेर जाऊन सायडर पितात. भीती घरी घेऊन जायला कोण पैसे देतो?"

"पैसे न देताही जाते घरी," मी म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. बोलण्यात त्याला शेवटचा शब्द मिळू नये म्हणून असेल.

मुलगा मठ्ठ नाही. तेवढंच जास्त वाईट.

कपाचीही अडचण आहे. दुधाची कॉफी ताजी ओतलेली असली की नुसती कॉफी दिसते. वर साय धरलेली हवी, सुरकुतलेली. वेंडेलला सांगितलं, मी दुपारी दोनलाच ओतून ठेवत जाईन. तो म्हणाला, "दोनला ओतली की पाचला अशी दिसते, हे तू कधी मोजलंस?"

"ज्या बाईने घर चालवलं तिला हे ठाऊक असतं."

"माझ्या बायकोने घर चालवलं, तिला नव्हतं ठाऊक."

"तुझी बायको कॉफी गार होऊ द्यायची नाही. देव तिचं भलं करो."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली रात्र. दुकान सात, खोली दोन.

फजिती झाली. लोक बाहुल्याकडे बघतात, ते उठायची वाट बघतात, उठत नाही म्हटल्यावर एकमेकांना कोपरखळ्या मारतात. एक टोळभैरव तर म्हणाला, "आजी, तुमची मैत्रीण झोपली वाटतं!" पलीकडून करवतीची घरघर आणि पोरींच्या किंकाळ्या, आणि मी इथे चिंध्यांशी बोलते आहे.

बाहुल्याला हात सोडता येत नाही. दोरी बांधून पाहिली. दोरीने ओढलेला हात दोरीने ओढलेलाच दिसतो.

डॅरेल बरोबर असेल का? वर्षानुवर्षं लोकांना टिलीने घाबरवलं आणि मी फक्त बडबडत होते असं असेल. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कबूल करणार नाही.

५ ऑक्टोबर

दुकान सहा, खोली नऊ!

काय झालं ते नीट लिहून ठेवते, पुन्हा जमायला हवं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. म्हणून तोंडाला येईल ते बोलत सुटले: ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात, त्यांत यंदा मीठ नव्हतं, छपरावरचा बर्फ वितळून पन्हळ गळते आहे, शेजारच्या बाईने नवे पडदे लावले, ते उलट्या बाजूने शिवलेत, ऐकतेस ना टिली, उलट्या बाजूने! ऑक्टोबरात मला लेंट कुठून आठवला देव जाणे. बोलता बोलता मी तिच्या मांडीवरची शाल सारखी केली. मग टोळक्याकडे वळून म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

कुणी हसलं नाही. एका बाईने नवऱ्याचं मनगट धरलं आणि जिथून आली तिथूनच परत फिरली. नंतरच्या टोळक्यांनाही तेच सांगितलं. तेच पडदे, तीच पन्हळ.

रक्ताचा एक थेंब नाही. सिस्टर बेनिग्ना, खण चार बोटं उघडला!

१२ ऑक्टोबर

आता मी अकरांनी पुढे आहे. काल एक धिप्पाड माणूस भित्र्यांच्या दारातून बाहेर पडला आणि पायरीवर बसून रडला. वेंडेलने त्याला पाणी दिलं. मला मुद्दाम येऊन विचारलं, "फिल, तू आत करतेस तरी काय?"

"बोलते."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्या चांगल्या कानाने ऐकून जा कधी."

"नको बाई. आहे तो एक कान राहू दे मला."

डॅरेलने चिडून दुकानात पंप बसवला आहे. भिंतीतून रक्ताची पिचकारी उडते. शिवाय दोन नवे खाटीक. मागे पडल्यावर माणूस असा आवाज वाढवतो. वेंडेलकडे तो माझी चौकशीही करतो: वेळेवर जेवते का, घरी कधी जाते, एकटीच जाते का. हेरगिरी. काल माझ्या पायरीवर त्याच्या आईने केलेल्या कोबी-नूडल्सचा डबा ठेवून गेला. हुंगून पाहिला, विष वाटलं नाही. खाल्ला. मीठ बेताचं होतं.

१५ ऑक्टोबर

आज खेळ नव्हता तरी दुपारी कारखान्यात जाऊन बसले. सराव.

१७ ऑक्टोबर

आजही. तिथे घरच्यापेक्षा ऊब आहे असंही नाही, गोठायला होतं. पण पडद्यांबद्दल बोलायला सुरुवात केली की वेळ बरा जातो. निघायला सहा वाजले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कप धुताना माझ्या हातून टिलीचा निसटला. फुटला नाही. तरी अर्धा तास पुसत बसले. कप धातूचा असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं, आणि मग वाटलं, हा काय विचार आहे.

डॅरेलच्या रेघा वाढत चालल्या आहेत. त्या पिचकारीला पोरंटोरं घाबरत नाहीत, कपडे खराब होतील म्हणून पळतात. वेंडेल म्हणतो, "पळाला तो पळाला, रेघ कारण विचारत नाही." हा नियम मी घालायला हवा होता. सुचला नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज दुपारी तो खोलीत आला. मी सराव करत होते. किती वेळ दारात उभा होता माहीत नाही.

"मिस फिल, तुम्ही रोज इथे येऊन बसता."

"सराव करते."

"कसला? एवीतेवी तीच चार वाक्यं असतात."

"तुझ्या करवतीला सराव लागत नाही, कारण तिला अक्कलही लागत नाही."

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते, कारण अर्थ लागत नाही. म्हणाला, "मला ती पिचकारी आवडते म्हणून मी रोज वाढवतोय असं वाटतं तुम्हांला?"

"मग काय रक्तदान करतोयस?"

"मला ही पैज जिंकायची आहे. कारण हरलो तर तुम्ही पुढच्या वर्षीही इथेच बसाल. आणि त्याच्या पुढच्याही."

"बसेन! हयातभर बसेन! भागूबाई कुठला. एका चिंध्यांच्या बाहुल्याला घाबरतोस?"

"हो," तो म्हणाला, आणि गेला.

जिंकण्यासाठी माणसं कोणत्या थराला जातात. मला इतका संताप आला, की टिलीला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची रात्र. झोप येणार नाही, म्हणून लिहिते.

साडेआठला वेंडेलने भिंतीआडून ओरडून सांगितलं, "सत्तावन्न-सत्तावन्न!" नऊला दुकानाची एक वाढली. त्यानंतर माझ्याकडे दोन टोळकी आली. दोन्ही शेवटपर्यंत गेली. दुसऱ्यातली पोरगी तर हुंदके देत गेली, पण गेली. नियम तो नियम.

शेवटच्या टोळक्याच्या मागे डॅरेल होता. खाटकाचा झगा काढलेला, हात स्वच्छ धुतलेले, साधा कोट. बाकीचे पुढे गेले. तो थांबला.

मी ठरल्याप्रमाणे म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

तो पुढे आला आणि बाहुल्यासमोर उकिडवा बसला. दोन बोटं त्याच्या मानेला लावली, स्वेटरच्या कॉलरच्या वर. तशीच धरली. मग त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

मी काहीतरी कडक बोलणार होते. तोंडून निघालं, "पडदे उलट्या बाजूने शिवलेत."

तो उठला आणि आला होता त्या वाटेने, भित्र्यांच्या दारातून बाहेर गेला. वेंडेल सांगतो, त्याने खडू उचलला होता, मग नियम आठवून सोडून दिला.

अठ्ठावन्न-सत्तावन्न. मी हरले.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. चर्चला गेले. कुणाशी बोलले नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांचा दिवस. वर्षभरात गेलेल्यांची नावं फादर वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक ठोका. "ऑटिलिया बार्टोश." नाव संपूर्ण उच्चारलं की ती कुणी परकी बाई वाटते. ठोका पडल्यावर मी उगाच तिच्या जागेकडे बघितलं. ती कॉन्व्हेंटमध्येही अशा वेळी मला कोपराने ढोसायची.

दुपारी खोली मोडायला गेले. हरले म्हणजे स्वतःच्या हाताने मोडणार. दुसऱ्याने माझे टाके उसवलेले मला चालत नाहीत. डॅरेल आधीच स्टुलावर चढून दिवा सोडवत होता. मी भिंतीचा कागद सोलायला घेतला. एक भिंत सोलून झाली.

मग तो दिव्याकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशीही कपावर साय होती."

"मी लगेच फोन केला होता."

"हो. मी कागदावर तेच लिहिलंय."

"मग झालं तर."

"झालं." त्याने स्क्रू खिशात टाकला.

तिथे थांबायला हवं होतं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी बाईला एवढं कळायला हवं. पण मी म्हणाले, "ती सोंग घेत असे."

तो स्टुलावरून खाली उतरला.

"घरीसुद्धा," मी म्हणाले. "मला पिडायला. मला वाटलं, आजही. मी मनात म्हटलं, बस तू, मीही हरणार नाही. बोलत राहिले. मासे, पन्हळ, पडदे. शाल सारखी केली. हात गार लागले, तर त्यावरूनही बोलले तिला, मोजे घाल म्हणून. आता हात सोडेल, आता हसेल. दोनला कॉफी ओतली होती. पाचला ढगांनी अंधारून आलं म्हणून दिवा लावायला उठले."

या वहीत मी लिहिलं आहे, की लगेच फोन केला. सिस्टर बेनिग्नाने त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ ओढली असती. तीन तास. खरं म्हणजे तीन तास दहा मिनिटं.

डॅरेल काहीतरी भरड सांत्वन करेल असं वाटलं, आणि मी त्याचं थोबाड फोडायच्या तयारीत होते. तो बाहुल्याकडे बघत होता. म्हणाला, "मी दहा वर्षांचा असल्यापासून या खोलीतून जातोय, मिस फिल. मार्चमध्ये तुमच्या घरी आलो, नाडी बघितली, घड्याळ बघितलं, कागद काढला. हे माझं काम आहे. तरी लिहिता लिहिता मी दोनदा वर बघितलं."

"कशासाठी?"

"हात सुटेल म्हणून."

मी खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीवर.

मग मी म्हणाले, "तुझ्या आईला सांग, नूडल्समध्ये मीठ जरा पुढे होतं."

"तुम्ही वेंडेलना बेताचं म्हणालात."

"वेंडेल बहिरा आहे."

त्याने बाहुल्याला हात घातला तेव्हा मी नको म्हणाले. स्वेटरची बटणं मीच काढली, वरून खाली. आत नुसत्या चिंध्या होत्या, आमच्या कारखान्याच्या, त्यांतल्या काही माझ्याच पाळीतल्या. मान काढली तेव्हा ती उजवीकडे पडली. डॅरेलने वाळूच्या पिशव्या एकेक करून बाहेर नेल्या. मी कप वर्तमानपत्रात गुंडाळला, तिचा आतल्या बाजूला.

खोलीत दोन खुर्च्या राहिल्या. बाहेर पडायचं दार त्यांच्या पलीकडे आहे. वर्षानुवर्षं हजारो लोक भिंत आणि तिची खुर्ची यांच्या मधून गेले. मी दोन पावलं टाकली. खुर्ची रिकामी होती. मला ते दिसत होतं. पुढचं पाऊल पडेना.

परत फिरले आणि बोळातून भित्र्यांच्या दाराकडे गेले. वेंडेलची खुर्ची तिथेच होती. खडू सुतळीला लटकत होता. दोन्ही नावं भिंतीवर तशीच, पाच-पाचांचे जुडगे करून, खाली अठ्ठावन्न आणि सत्तावन्न. दलातल्या माणसाची रेघ धरायची नाही हा नियम माझाच होता, आणि नियम मोडणाऱ्याबद्दल माझं काय मत आहे ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.

बैठकीच्या खोलीखाली मी आधी डॅरेलची ओढली. मग माझी.